पाणी कोमट ठेवण्याबाबत

मी, रत्नाकर शमुवेल उजागरे, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त हीटिंग इंजिनिअर, मूळचा नगरचा, हल्ली राहणार बर्मिंगहॅम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहीत आहे. राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, हे माझ्या डॉक्टरांना मान्य आहे. पुढचा ईस्टर मी पाहीनच असे मात्र ते सांगू शकत नाहीत. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. वकिलाने इंग्रजी भाषांतर जोडावे, पण त्यात माझे एकही विशेषण सौम्य करू नये.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी एकुलती एक मुलगी ईरा हिला. या पत्राची व्यवस्थापकही तीच. तिच्या आईच्या साड्या तिने हव्या त्याला द्याव्यात, फक्त चॅपलवाल्या हॅडलीच्या घरात एकही जाता कामा नये.

कलम २. हत्यारे ईराने विकावीत. मोठा पाइप रेंच त्यात सापडणार नाही. तो माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र मिलिंद गजभिये याला मी कालच हातात दिला, कारण तो या पत्राचा साक्षीदार आहे आणि इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मिलिंद बौद्ध आहे. रेंच घेताना म्हणाला, "उजागरे, तुमच्यात आत शिरायला पाणी, बाहेर पडायला पाणी. आमच्याकडे एवढं प्लम्बिंग नाही बघा."

कलम ३. आता चॅपल. आमच्या गल्लीच्या टोकाचे हे बॅप्टिस्ट चॅपल खिळे घडवणाऱ्या कारागिरांनी १८४७ साली बांधले. त्यांच्या ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे स्थापनेच्या दस्तात, लिहिले आहे की जो मोठेपणी, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून, डोक्यासकट पाण्यात बुडाला तोच सभासद. तान्हेपणी कपाळावर शिंपडलेले पाणी त्यांच्या हिशेबी पाणीच नव्हे. मी या चॅपलमध्ये पन्नास वर्षे गेलो आणि सभासद झालो नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचे ताट माझ्या नाकासमोरून पुढच्या माणसाकडे गेले. व्यासपीठाच्या फळ्यांखाली त्यांचा बाप्तिस्म्याचा हौद आहे. त्याचे पाइप, झडपा आणि हीटर तीस वर्षे मीच सांभाळले. त्या यंत्राचे नाव इमर्शन हीटर. इमर्शनशी, म्हणजे बुडण्याशी, माझा संबंध तेवढाच.

का नाही बुडालो, हे एकदा लिहून ठेवतो. माझ्या पणजोबांना गावच्या आडावर पाणी भरू देत नसत. कोणी वरून ओतले तर ओंजळीत घ्यायचे. त्यांच्या डोक्यावर पहिल्यांदा कोणी आपल्या हाताने पाणी घातले ते नगरच्या मिशनच्या पाळकाने, पितळी वाटीतून. त्याच वाटीतून मला तीन महिन्यांचा असताना बाप्तिस्मा मिळाला. ते पाणी कमी पडले असे मी केनेथ हॅडलीकडून ऐकून घेणार नाही.

कलम ४. केनेथ हॅडली हा मुख्य डीकन, म्हणजे या मंडळीचा कारभारी. माझी ख्रिस्तवासी पत्नी सुप्रभा सभासद होती, म्हणून २०१७ साली तिला चॅपलमागच्या दफनभूमीत जागा मिळाली. कबर दोघांपुरती खोल खणून घेतली आहे. या ऑगस्टमध्ये मी माझ्यासाठी अर्ज केला. हॅडली घरी आला, माझा चहा प्यायला आणि म्हणाला, "सॉरी, रत्ना. डीड इज डीड. फक्त मेंबर्स." पन्नास वर्षांत या माणसाला माझे पूर्ण नाव घेता आले नाही.

ईरा म्हणते, "बाबा, जस्ट एकदा डिप हो ना! पाच मिनिटाचा काम आहे. मग आईच्या बाजूला जागा भेटेल." ईरा, तुझे मराठी आणि तुझा सल्ला दोन्ही मला लागले. उत्तर नाही असेच आहे.

कलम ५. मंडळीच्या सभांची जुनी वही, १८४७ ते १८८१. ते अक्षर एकाही डीकनाला लागत नव्हते, म्हणून मी अकरा वर्षे बसून ती उतरवली. मूळ वही त्यांची, त्यांना परत. माझी टाइप केलेली प्रत शहराच्या अभिलेखागारात द्यावी, पान १६६ सकट. त्या पानावर केनेथचे खापरपणजोबा जोसाया हॅडली यांना दुधात पाणी घातल्याबद्दल मंडळीतून काढल्याची नोंद आहे. परत घेतल्याची नोंद नाही. तरीही ते दफनभूमीत, दरवाजाजवळच्या चांगल्या जागी, आरामात पडले आहेत. "हे पान वगळता येईल का?" असे केनेथने मला दोनदा विचारले. डीड इज डीड.

कलम ६. हौदाचा हीटर दोन वर्षे बंद आहे. नवा हीटर मी आणून गॅरेजमध्ये ठेवला आहे. तो चॅपलला द्यावा व माझ्या शिल्लकेतून बसवून द्यावा, परंतु मला सुप्रभाच्या कबरीत जागा दिल्याचे पत्र हॅडलीच्या सहीने हातात आल्यावरच. ईस्टरला त्याची सोळा वर्षांची नात त्या हौदात उतरणार आहे. आजोबांनी काय ते ठरवावे.

कलम ७. हे कलम मालमत्तेचे नाही. १९८८ साली, एका शनिवारी मी हौद भरत होतो. सुप्रभा चॅपलच्या दारात आली.

"अहो, उद्या पाणी जरा कोमट ठेवाल का?"

"तुला काय करायचंय? विश्वास असला की थंडी वाजत नाही म्हणतात ना तुमचे डीकन?"

"बरं," एवढेच म्हणून ती गेली. मी हीटर लावलाच नाही. फेब्रुवारी होता. डीकनांची खोड मोडावी, एवढाच माझा विचार. रविवारी पांढरा झगा घालून बाहेर आली ती सुप्रभा. मला विचारले असते तर मी नको म्हणालो असतो, म्हणून तिने विचारले नव्हते. पाण्यात पाय घालताच तिने माझ्याकडे पाहिले. वर आली तेव्हा दात वाजत होते आणि ओठ निळे पडले होते.

मी तिच्याशी सहा आठवडे बोललो नाही. बोललो तेव्हा सांगितले की हीटर बिघडला होता. तिने ते खरे मानले आणि पुढची एकोणतीस वर्षे लोकांना सांगितले की बिचाऱ्यांनी फार खटपट केली हो. हीटर बिघडला नव्हता. हे मी तिला कधीच सांगितले नाही. मला त्याची लाज वाटते.

जुन्या वहीत १८६२ सालची नोंद आहे: हॅना टॉन्क्स या बाईने बाप्तिस्म्याच्या दिवशी घरून उकळत्या पाण्याच्या किटल्या आणून हौदात ओतल्या, डीकनांनी तिला समज दिली. पुढच्या वर्षी पुन्हा किटल्या, पुन्हा समज. तिसऱ्या वर्षीही तेच. ती नोंद उतरवताना मी आधी हसलो होतो. नंतर त्या दिवशी मला पुढे लिहिता आले नाही.

सहीपूर्वीची दुरुस्ती. कलम ६ मधील "परंतु" पासून "आल्यावरच" पर्यंतचा मजकूर मी माझ्या हाताने खोडला आहे. तिथे समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. मी असलो काय, नसलो काय, हीटर ईस्टरपूर्वी बसवावा. जागा द्यायची की नाही हे हॅडलीने ठरवावे. नाही म्हणाला तर मला कौन्सिलच्या दफनभूमीत ठेवावे. मी त्याला माफ केलेले नाही, पान १६६ जागच्या जागी राहील.

हीटर शुक्रवारी दुपारी सुरू करावा, हौद मोठा आहे. मुलीला उतरवण्याआधी कोणीतरी कोपरापर्यंत हात घालून पाहावे. पाणी कोमट असावे.

सही: रत्नाकर शमुवेल उजागरे

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली. खोडलेली अट आम्ही पाहिली आहे.
साक्षीदार १: मिलिंद गजभिये, मित्र
साक्षीदार २: अर्चना केतकर, शेजारी

स्थळ: बर्मिंगहॅम, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५