खोली क्र. २७ खालील तुळईचे खरे वय नोंदविण्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
इमारत अपघात चौकशी कक्ष,
परळ, मुंबई.

विषय : हरबाशेठ चाळ, लालबाग येथील दुर्घटनेचा दोष श्री. शामराव कासारे यांच्याऐवजी माझ्या नावे लावण्याबाबत.
संदर्भ : आपला अहवाल, दि. ४ ऑगस्ट २०२५. माझे यापूर्वीचे दोन अर्ज (अनुत्तरित).

महोदय,

मी, हितेंद्र कुशाबा पांचाळ, वय ५९, धंदा सुतारकाम, याच चाळीतील रहिवासी, सविनय कळवितो की, दि. ९ जुलै रोजी तुळई तुटून खोली क्र. २७ ची जमीन खचली व सौ. कमलाबाई कासारे ढिगाऱ्याखाली मरण पावल्या. सदर तुळई 'सुमारे शंभर वर्षे जुनी व जीर्ण' होती आणि कमलाबाईंचे पती शामराव यांनी मोरीत विनापरवाना ठेवलेल्या पाण्याच्या टाकीच्या भाराने ती तुटली, असे अहवालात नमूद आहे. त्यावरून शामरावांवर गुन्हा दाखल झाला आहे.

तुळई शंभर वर्षांची नव्हती. मूळ तुळई गळतीने एका टोकाला कुजल्यामुळे २०११ साली मीच ती काढून नवीन बसविली. नवीन तुळईचा साग राजापूर तालुक्यातील माझ्या स्वतःच्या रानातला. झाड अवघे अठरा वर्षांचे होते.

माझे वडील साठ वर्षांच्या आतल्या सागाला कुऱ्हाड लावू देत नसत. एक तोडला तर शेजारचे दोन बियाण्यासाठी राखायचे आणि तोडलेला वर्षभर सावलीत वाळू द्यायचा, हा त्यांचा नेम. कोवळ्या सागात गाभा थोडा आणि पांढरे लाकूड जास्त. वाळवी ते भाकरीसारखे खाते. हे मला पुरते ठाऊक होते. परंतु गणपतीच्या आत काम उरकून देतो, असा शब्द मी चाळ कमिटीला देऊन बसलो होतो. तो पांढरेपणा दिसू नये म्हणून मी तुळईला काळपट तेलरंग फासला. आपल्या अभियंत्यांनी तोच रंग बघून वय लिहिले. मला माझी लाज वाटते, आणि रागही येतो, कारण तुळईवर पटाशीचा एक घाव घालून बघावा असे कोणालाही वाटले नाही. टाकीचे म्हणाल, तर तेवढा भार जुन्या तुळईला काहीच नव्हता.

पहिल्या खेपेस आपल्या कार्यालयात, "तुम्ही मयताचे नातेवाईक नाही, तुम्हाला अर्ज करता येत नाही," असे सांगण्यात आले. दुसऱ्या खेपेस तुळईच्या खरेदीची पावती मागितली. घरच्या झाडाची पावती नसते. तिसऱ्या खेपेस, मयताच्या पतीनेच जबाबावर सही केल्यामुळे विषय संपला आहे, असे ऐकविले. सही त्यांनी केली हे खरे. टाकी आपण ठेवली म्हणजे बायको आपणच मारली, असे ते धरून बसले आहेत. पोलिसांपुढेही ते तेच बोलतात.

तरी विनंती की, ढिगाऱ्यातील लाकूड दि. २२ रोजी भंगारात देण्यापूर्वी तुळईचे बुंध्याकडचे टोक करवतून त्यावरील वलये माझ्यासमक्ष मोजावीत. ती अठरा भरतील. जास्त भरली तर हा अर्ज फाडून टाकावा.

आपला नम्र, व या मृत्यूस जबाबदार,
हितेंद्र कुशाबा पांचाळ
खोली क्र. ११२, संक्रमण शिबिर
दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत : १) कबुलीजबाब, सही व अंगठ्यासह. २) मूळ तुळईचा न कुजलेला तुकडा.

प्रत : श्री. शामराव कासारे, खोली क्र. ११३, संक्रमण शिबिर. ही प्रत कृपया आपल्या कार्यालयातून टपालाने पाठवावी. ते दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवतात. तोंडाने सांगणे माझ्याने होत नाही.