फुंकायचं नाही असं वाद्य

दादा, मी बँडमध्ये गेलो. हे ऐकून तुमच्या डोळ्यांपुढं काय येईल ते मला कळतं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, घोड्यावर नवरदेव आणि पुढं धुरळ्यात नाचणारी पोरं. तसला बँड नाही हा. आम्ही तिघंच आहोत. एक डॉक्टर ड्रम वाजवतात, हायस्कूलच्या एक बाई गातात आणि मी गिटार वाजवतो. म्हणजे अजून शिकतोच आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा हा मुलगा नववीत होता, त्यामुळं शेवगावात माझं चष्म्याचं दुकान आहे हेही तुम्हाला ठाऊक नाही. गिटार माझ्या मुलीची, आजीला कळू नये म्हणून दुकानातच ठेवलेली. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि गिटार तिथल्याच कपाटावर धूळ खात पडली. दुपारच्या वेळी दुकानात कुणी फिरकत नाही, तेव्हा मोबाईलवर बघून मी एकेक बोट बसवायला लागलो. घरी कधी वाजवली नाही. एकदा डॉक्टर नंबर तपासायला आले आणि मी काउंटरच्या मागं गिटारसकट सापडलो. "काका, आम्ही गिटारवालाच शोधतोय," ते म्हणाले. माझ्या तोंडून 'येतो' निघून गेलं.

घरी का वाजवली नाही ते तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो. तुम्ही ट्रम्पेटचा सराव स्वयंपाकघरात करायचात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गोधड्यांच्या वळकटीत ट्रम्पेटचं तोंड खुपसायचात, आणि मग आतून कुणीतरी रडल्यासारखा दबका सूर यायचा. आई भाकरी थापत असायची. तुमचे गाल फुगलेले, मानेची शीर ताठ, कपाळावर घाम. एकदा तुम्ही पाणी प्यायला उठलात तेव्हा मी ट्रम्पेट तोंडाला लावला. तुम्ही तो माझ्या हातातून ओढून घेतलात. मारलं नाहीत. नुसतं म्हणालात, "ह्याच्यात पोटातला समदा वारा जातो, बाबा. माझा जातोय तेवढा बास." तेव्हा मला ते उगाच रागावल्यासारखं वाटलं होतं.

आणि मग तो दिवस. उन्हाळ्याची सुट्टी आहे. मी दारात बसून सायकलची चेन बसवतोय. नेवाशाकडच्या लग्नाला गेलेला तुमच्या बँडचा टेम्पो भर दुपारी परत येतो. इतक्या लवकर कधी येत नाही. ढोलवाले काका उतरतात, अंगात अजून लाल कोट आहे, आणि ते माझ्याकडं न बघता आईला हाक मारतात. वरात मारुतीच्या देवळाशी आली होती, म्हणे. तुम्ही एक लांब सूर धरला, लोकांना वाटलं आज मास्तर रंगात आलेत, त्यांनी शिट्ट्या मारल्या. सूर तुटला तेव्हा तुम्ही खाली बसला होतात. परत उठला नाहीत. त्यानंतर आपल्या घरात वाद्य म्हणून आलं नाही. आईनं रेडिओसुद्धा शेजारी देऊन टाकला. माझ्या लग्नात वाजंत्री नव्हती. सासरकडची माणसं कुजबुजली, पण अक्षता पडल्या त्या नुसत्या टाळ्यांवर.

आता मी पन्नाशीला टेकलोय, तुमच्या वयाच्या कधीच पुढं निघून आलोय. तरी तालमीच्या पहिल्याच संध्याकाळी ते झालं. डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या खोलीत आम्ही जमलो होतो. बाईंनी गाण्याची ओळ घेतली, मागून ड्रमचा ठोका आला, आणि तोच ठोका माझ्या छातीत दुप्पट वेगानं सुरू झाला. हात गार पडले. मला पक्कं वाटलं, हेच ते. तुम्हाला जे झालं ते आता मला होतंय, आणि ते वाद्य हातात घेतल्यामुळंच होतंय. मी गिटार खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसलो. बाई घाबरून पाणी आणायला धावल्या. डॉक्टरांनी काठ्या टाकल्या, मला हाताला धरून खाली नेलं, शर्ट काढायला लावला आणि छातीला वायरी चिकटवल्या. यंत्रातून कागद सरसर बाहेर येत होता आणि मी डोळे मिटून आईचा विचार करत होतो.

"काका, हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग हे काय?"

"भीती. कशाची, ते तुम्हालाच माहीत."

मी सांगितलं. तुमचं सगळं सांगितलं, उघड्या अंगानं, त्या वायरी तशाच असताना. बायकोलाही इतकं कधी सांगितलं नव्हतं. ते एकेक वायर काढता काढता म्हणाले, "तुमच्या वडलांचा कागद असा कुणी काढला असता तर वेळेत कळलं असतं. ट्रम्पेटचा त्यात फारसा दोष नसावा." मला ते पटलं, पण डोक्याला पटलं. छातीला नाही. पुढच्या प्रत्येक तालमीला जिना चढताना मी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायचो.

हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तीन गाणी वाजवायचं ठरलं, तेव्हा आईला सांगणं भाग पडलं. गावात सगळ्यांना कळणार आणि तिला बाहेरून कळणार, हे बरं नव्हे. ती अंगणात शेंगा फोडत होती. मी सांगितलं तशी तिचे हात थांबले.

"फुकायचं हाय का त्यात?"

"नाही. तारा असतात. बोटांनी छेडायच्या."

"तोंड लावायचंच न्हाई?"

"नाही गं."

तिनं दोनचार शेंगा फोडल्या. मग म्हणाली, "मंग वाजीव. पर मी येनार. मला म्होरं बसव."

मला वाटलं होतं ती नको म्हणेल, आणि खरं तर मी त्या नकाराची वाटच बघत होतो. नको म्हणाली असती तर सुटलो असतो. आता उलटंच झालं. तुमच्या वेळी तिनं काही बघितलं नव्हतं, तिला नुसतं सांगायला माणसं आली होती. माझं काही झालं तर ते तिच्या डोळ्यांदेखत होणार होतं.

मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या मैदानावर उन्हं कलली होती. आई पुढच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावरचा पदर हातात घट्ट धरून बसलेली. पहिल्या गाण्याला माझी सुरुवातच चुकली. बोटं तारांवर होती पण माझी नव्हती. बाईंनी माझ्याकडं बघितलं, हसल्या आणि तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा घेतली, जणू गाणं तसंच आहे. तिसऱ्यांदा मी आत शिरलो. छाती धडधडत होती. मनात एकच हिशेब चालू, की मी पडलो तर डॉक्टर माझ्या मागंच आहेत, हाताच्या अंतरावर. तुमचा तो लांब सूर कुठं तुटला असेल, देवळाच्या आधी का नंतर, हे डोक्यात फिरत होतं. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि मी उभा होतो.

तीन गाणी झाली. खाली उतरून आईपाशी गेलो. तिचे डोळे लाल झाले होते.

"कसं वाटलं गाणं?"

"गानं मी आयकलंच न्हाई. तुझ्या छातीकडं बघत हुते."

"मग?"

"मंग काय? चालू हुती." आणि तिनं एवढ्या माणसांत माझ्या छातीवर हाताचा तळवा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "चल, भूक लागली."

दादा, भीती गेली असं मी लिहिणार नाही. येत्या रविवारी तालीम आहे आणि आत्तापासूनच मी न जाण्याची कारणं शोधतोय. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच सांगायचं धाडस होतंय. पहिलं गाणं मी सगळं तुमच्या धाकात वाजवलं. दुसऱ्या गाण्यात मात्र बाईंचा आवाज वर गेला, डॉक्टर हसले, माझी बोटं आपोआप पुढं चालू लागली, आणि तिथून शेवटापर्यंत मला तुमची आठवण एकदाही आली नाही.