अर्धा उतारा

४ जुलै

पोचले एकदाची. वोई गावाहून निघताना माझा शर्ट पांढरा होता. कॅम्पला उतरले तेव्हा तो गाडीच्या रंगाचा झाला होता आणि गाडी मातीच्या. इथे हत्तीसुद्धा लालच. वाटेत पाच-सहा दिसले, विटांच्या भट्टीतून नुकते बाहेर काढल्यासारखे.

गाडी चालवणारे म्वाडिमेबाबा तैता डोंगरातले. वाटभर तोंड बंद नव्हतं. आधीचा डॉक्टर लग्न करून नैरोबीला गेला, आता तिथे मॅडम लोकांच्या कुत्र्यांची नखं कापतो, असं त्यांनी मला मोठ्या दुःखानं सांगितलं. तू टिकशील का गं पोरी, असंही विचारलं. टिकेन म्हटलं. किती अर्ज केले तेव्हा कुठे ही जंगली जनावरांच्या डॉक्टरची नोकरी मिळाली आहे.

कॅम्पात तिसरा माणूस गुयो. माग काढतो, बंदूकही त्याच्याकडेच. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, नांदीच्या चहामळ्यातल्या ना तुम्ही डॉक्टरबाई, गाईपेक्षा मोठं जनावर कधी बघितलंय का? मी म्हटलं, बघितलंय की, आमच्या गावचा चीफ. चहा त्याच्या नाकातून बाहेर आला. मग बाबांनी माझ्या ताटात मक्याच्या उगालीचा दुसरा गोळा वाढला. म्हणजे घेतलं मला त्यांनी आपल्यात.

माझा तंबू बाभळीखाली. औषधांचा फ्रिज सौरऊर्जेवर चालतो आणि म्हातारीसारखा कण्हतो. चूल मोठ्या गोरखचिंचेच्या बुंध्याशी. मी खूश आहे.

७ जुलै

पहिलं काम झालं. झेब्र्याच्या मानेत तारेचा फास रुतला होता. भुलीचा डार्ट मारला, तार कापली, जखम धुतली. उठून असा पळाला की आभारबिभार काही नाही.

इथली रीत आज कळली. डार्टमध्ये भुलीचं औषध भरायच्या आधी उतारा सिरिंजमध्ये भरून बाबांच्या हाती द्यायचा. ते तो शर्टाच्या खिशात ठेवतात, वरून बटण लावतात आणि मगच किल्ली फिरवतात. उतारा हाती पडेपर्यंत तळहात पुढे करून बसून राहतात. उठवायची सोय नसेल तर झोपवायचं नाही, एवढंच म्हणतात. गुयो म्हणाला, ह्यांनी लग्नातसुद्धा पाद्र्याकडे आधी सोडचिठ्ठी मागितली होती. बाबा म्हणाले, मागितली होती, मिळाली नाही, म्हणून तर जंगलात राहतो.

रीत बरोबरच आहे. आमचं भुलीचं औषध भयंकर जहाल. माणसाच्या कातडीवर थेंब पडला तरी श्वास मंदावत जातो. आणि जनावराला उतारा कमी पडला तर ते उठतं, चालू लागतं, सगळे खूश होतात. मग काही तासांनी, आसपास कुणी नसताना, त्याला पुन्हा झोप घेरते.

११ जुलै

आज हत्तीण. पुठ्ठ्यात बाणाचं पातं अडकलेलं, भोवती पू. सोबत पिल्लू, अजून तिच्या पोटाखालून जाईल एवढंच.

पहिला डार्ट तिरपा लागला, औषध पुरतं गेलं नाही असं वाटलं म्हणून दुसरा मारला. म्हणजे भूल जास्त झाली आणि बाबांच्या खिशातला उतारा त्या मानानं निम्माच ठरला. उरलेला जागेवर भरते म्हटलं. बाबांच्या कपाळाला आठी पडली, पण हत्तीण तोवर कलली होती. तिला कुशीवर पाडलं, कान डोळ्यावर ओढला, अंगावर पाणी ओतलं. पातं निघालं. पू निघाला. सगळं छान झालं.

मग काढून ठेवलेली उताऱ्याची दुसरी बाटली घ्यायला वळले आणि गुडघा टेकला तो नेमका बाटलीवर. दगडावर कचकन आवाज झाला. मातीनं क्षणात सगळं पिऊन टाकलं.

गुयो पिल्लाला हुसकावत होता. बाबा गाडी वळवत होते. कुणी पाहिलं नाही. खिशातला उतारा होता तेवढा मी दिला. ती उठली. जरा झुलली, मग पिल्लाला पायाशी घेऊन झाडीत गेली. गुयोनं टाळ्या वाजवल्या. मी बुटानं काचा मातीत लोटल्या.

बाबांनी विचारलं, पुरा दिलास ना?

मी हो म्हटलं.

फ्रिजमध्ये आणखी बाटल्या होत्या. कॅम्प काही लांब नव्हता. बाबा, फुटली हो, एवढं म्हणायचं होतं. ते चार शिव्या देऊन गाडी पळवत गेले असते. पण नवीन आले आहे, पहिलाच हत्ती, आणि सगळे इतके खूश होते.

१२ जुलै

तिला बघून येऊ असं मीच म्हटलं. कोरड्या नदीच्या पात्रात ताडाखाली उभी होती. पिल्लू पीत होतं. गुयो म्हणाला, बघा डॉक्टरबाई, राणीसाहेब मजेत.

आज बाटली माझ्या पिशवीत होती. एक डार्ट उताऱ्याचा मारला असता तरी पुरे होतं. पण कशाला, हे सांगावं लागलं असतं. मी दुर्बीण लावली. सोंडेचं टोक वाळूवर टेकलेलं होतं. पिल्लानं ढुशी दिली तरी हललं नाही. मी बराच वेळ बघत राहिले.

मग म्हटलं, ठीक आहे, चला.

परतताना दोघं गात होते. मीही टाळ्या धरल्या.

१४ जुलै

गिधाडं दिसली म्हणून गेलो. ती छातीवर पडली होती, पाय पोटाखाली, सोंड दबलेली. हत्ती छातीवर पडला की स्वतःच्याच वजनानं गुदमरतो. मला हे माहीत आहे. परीक्षेत लिहिलं होतं.

एक डोळा गिधाडांनी नेला होता. दुसऱ्यावर कान चिकटून बसला होता, आम्ही ओढला होता तसाच. तिच्याभोवतीची वाळू नांगरल्यासारखी झाली होती. पिल्लू तिला उठवत होतं. हत्तींच्या अनाथ पिल्लांच्या आश्रमाची गाडी आली, त्याला दोरानं बांधून नेलं. त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

अभयारण्याच्या शिपायांनी सुळे कापून घेतले. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. अगं, विषारी बाण होता पोरी, तू तरी काय करणार. त्यांच्या साहेबांनी मेली कशानं ते विचारलं.

बाणानं, मी म्हटलं.

१६ जुलै

पात्यावरच्या खुणेवरून माणूस सापडला. नदीपलीकडचा, वाता जमातीचा जिलो बोनाया, मधाची पोळी उतरवणारा. त्यानं लगेच कबूल केलं म्हणे. हो, मारला बाण, मका खात होती, ढुंगणावर मारला, पळून जावी म्हणून. विष इतकं जुनं होतं की त्यानं कोंबडी मेली नसती. साहेब त्याला म्हणाले, डॉक्टरबाईंचं म्हणणं वेगळं आहे.

हत्ती मारला तर आयुष्य तुरुंगात जातं. पुढच्या आठवड्यात वोईच्या कोर्टात माझी साक्ष आहे.

गुयो त्याला लहानपणापासून ओळखतो. आज जेवला नाही. म्हणाला, जिल्या गाढव आहे. बायकोनं घराबाहेर काढलं तर पोळ्याला कान लावून झोपतो. पण खोटं बोलणारा नाही. असं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. मी काहीतरी चांगलं बोलेन म्हणून.

मी ताट धुवायला उठले.

१८ जुलै

विष तपासायला काळजाचा तुकडा हवा असं सांगून गुयोला घेऊन गेले. खरं म्हणजे तिच्यापाशी उभी राहिले की तोंड उघडेल असं वाटत होतं.

ती तिथे नव्हती.

वाळूत तिच्या आकाराचा खळगा होता. हाडं नाहीत, कातडं नाही. तरसांना एवढं जमत नाही. गिधाडं ताडावर गप्प बसली होती, खाली एकही नाही. खळग्यातून माग निघत होता. पुढचे पाय उचललेले नव्हते, ओढत नेलेले.

गुयो उकिडवा बसला. त्यानं एका ठशात पंजा ठेवला. तळव्याची भेग तिचीच, म्हणाला. मग हळूच म्हणाला, बाबांना सांगू नका डॉक्टरबाई, त्यांचं हृदय नाजूक आहे.

माग कॅम्पच्या दिशेनं जात होता. जे कबूल करायला आले होते ते तसंच घेऊन परतले.

२० जुलै

भर दुपारी. लख्ख ऊन. गोरखचिंचेपलीकडे ती उभी होती.

छातीवर वाळूचा थर. सुळ्यांच्या जागी दोन भोकं. कान डोळ्यावर. श्वास ऐकू येत होता. आत. मग इतका वेळ काहीच नाही की वाटावं संपला. मग बाहेर.

बाबा चुलीवर उगाली घोटत होते आणि मागच्या डॉक्टरला नावं ठेवत होते. वाक्याच्या मध्येच थांबले. हात पळीवर, डोळे उघडे. मी हाक मारली. हलवलं. उगाली करपून धूर झाला.

ती गेली तेव्हा ते शुद्धीवर आले आणि जाळ कुणी वाढवला म्हणून गुयोवर ओरडले. तिला कुणीच पाहिलं नव्हतं.

२१ जुलै

आज चुलीपाशी आली. गुयो बंदूक पुसत होता. फडकं हातात तसंच राहिलं.

गेल्यावर मी ठरवलं. चहाच्या वेळी बोलायला लागले. बाबा, त्या दिवशी ती बाटली — बाबांचा कप ओठाशी थांबला. डोळे उघडे. गुयोचेही.

मी गप्प बसले. ते जागे झाले. गुयोनं साखर मागितली.

पुन्हा सुरू केलं. बाबा, मी खोटं — पुन्हा तसंच.

एकदा साधं सांगता आलं असतं मला. दहा दिवस त्यांचे कान माझ्यासाठी उघडे होते.

२२ जुलै

आता जागेच होत नाहीत. बाबा गाडीत, हात किल्लीवर. गुयो तंबूच्या दाराशी. मी दोघांना कुशीवर वळवलं. ओठ निळसर. श्वास तिच्यासारखा — आत — आणि मग मी वाट बघत बसते —

मला झोप नाही. मला तिनं जागी ठेवलं आहे.

ती चुलीशी बसली आहे. छातीवर.

दुपार

वायरलेस लावला. साहेबांना सगळं सांगितलं. बाटली, गुडघा, काचा, हो म्हटलं ते. जिलोनं मारली नाही म्हटलं. मी मारली. मदत पाठवा, दोन माणसं मरतायत.

ते ऐकत होते. खरंच ऐकत होते. मला रडू आलं.

मग म्हणाले, गाडी पाठवतो, पण पोचायला वेळ लागेल. आणि मग, डॉक्टरबाई, तो जिलो काल दुपारपासून कोठडीत भिंतीला टेकून उभा आहे. डोळे उघडे. दवाखान्यातून डॉक्टर आणला, त्यालाही काही समजत नाही. श्वास फार सावकाश —

सांगून भागलं नाही.

नंतर

फ्रिज उघडला. उरलेल्या बाटल्या मिळून उतारा एकाच हत्तीपुरता. माणसाला थोडा पुरतो. थोडा गुयोला, थोडा बाबांना, उरलेला घेऊन वोईला जिलोकडे. तेच करायला हवं ना. मी दोन सिरिंजा काढल्यासुद्धा.

म्हणजे तिला पुन्हा अर्धा. किंवा काहीच नाही. मग हे उठतील. चालतील. सगळे खूश होतील. आणि काही तासांनी —

नाही.

मोठी सिरिंज भरली. बाबांच्या तळहातावर ठेवली, क्षणभर. बोटं मिटली नाहीत. परत घेतली.

तिच्यापाशी

वही मांडीवर. कानामागची शीर थंड आहे. पण सापडली. सुई आत. सावकाश ढकलतेय. थेंबही ठेवणार नाही.

संपला. पुरा दिला. बाबा, पुरा दिला.

श्वास बदलला तिचा. आत — बाहेर —

गाडीत कुणी खोकलं. बाबाच. गुयो विचारतोय, डॉक्टरबाई कुठे गेल्या.

ओ देता येत नाही. तिची झोप माझ्यात उतरतेय. जीभ जड. बोटं — माझा श्वास कुठे —

हाका मारतायत दोघं. जवळ येतायत. चांगलं झालं. जिलो पण आता —

कान हलला. उचलतेय. त्याच्याखाली डोळा आहे, आणि तो माझ्याकडे —

उठतेय ती. मला सरकता येत नाही. वाळू सांडतेय छातीवरून, माझ्या हातावर, वहीव