मापाचे पोलके

माय,

तुला जाऊन वीस वर्षे झाली होती, तेव्हाची ही हकिकत आहे. तुझ्या धाकट्या सुनेच्या, माझ्या बायकोच्या, छातीत गाठ निघाली आणि औरंगाबादेला शस्त्रक्रिया करून तिचा डावा स्तन काढावा लागला. हा शब्द तुझ्यासमोर उच्चारण्याचे धाडस मी तू असताना केले नसते. पण योग्य वस्तूला योग्य शब्द वापरावा, असे पस्तीस वर्षे वर्गात सांगत आलो, तेव्हा येथे आडवळण घेणार नाही. पुढे दोन वर्षांत आजार आटोक्यात आल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि माझ्या लेखी विषय संपला. तिच्या लेखी तो संपला नव्हता. ती रोज सकाळी कापसाची पुरचुंडी पोलक्यात बसवी आणि भाकरी थापता थापता ती पुरचुंडी गळ्याकडे सरके. एकदा वाटूर फाट्यावर एसटीत चढताना रेटारेटीत पुरचुंडी खाली पडली. कंडक्टरने पैशांची समजून उचलली, जपून तिच्या हाती दिली आणि बजावले, "मावशी, कमरेला बराबर खोसून ठिवा, जमाना खराब हाय." तिने ती कमरेला खोसली आणि मंठ्याला घरी पोचल्यावर उंबऱ्यात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "मला नवं करून घ्यायचंय. डॉक्टरीणबाई म्हणल्या, व्हतंय."

मी म्हणालो, "या वयात कशाला?"

तू असतीस तर मला काय ऐकावे लागले असते, हे मला ठाऊक आहे, कारण ते मी एकदा ऐकलेले आहे. मी दहा वर्षांचा असेन. ओसरीवर तुझे शिलाई मशीन चालू आहे. साठीच्या पुढची एक बाई आली आहे आणि तिला बाहीला जरीचा काठ लावून, अंगाबरोबर बसेल असे पोलके हवे आहे. मी फिस्सकन हसतो. तू मशीनचे चाक हाताने थांबवतेस आणि माझ्याकडे न पाहता म्हणतेस, "कापड तिचं, अंग तिचं. आपली नुस्ती सुई. हसायचं काम न्हाई." एवढी शिकवण मिळूनही पन्नाशी उलटल्यावर मी घरच्याच बाईला तो प्रश्न विचारला. माझ्या थोरल्या वहिनीनेही मग री ओढली, की नातवंडे झाली, आता कोणाला दाखवायचे आहे? तुझ्या धाकट्या सुनेने तिला शांतपणे सांगितले की दाखवायचे कोणालाच नाही, हात वर केल्यावर पोलके जागेवर राहिले म्हणजे झाले. या कामासाठी औरंगाबादेच्या डॉक्टरीणबाईंकडे पहिल्या खेपेस ती एकटीच गेली.

दुसऱ्या खेपेस मी सोबत गेलो, तो मनातून तिला परावृत्त करण्यासाठीच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांचे मराठी निर्दोष होते, त्यामुळे मला कुठे चूक काढता येईना. त्यांनी समजावले की पोटावरचे किंवा पाठीवरचे मांस आणून स्तन घडवता येतो, पण ती शस्त्रक्रिया मोठी. किंवा छातीच्या स्नायूखाली एक रिकामी पिशवी ठेवायची, दर पंधरा दिवसांनी कातडीतून सुईने तिच्यात मिठाचे पाणी भरायचे, आणि कातडी पुरेशी ताणली की पिशवी काढून तेथे कायमचे रोपण बसवायचे. "पोटाचं पोटालाच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. संमतिपत्र समोर आले तेव्हा मी खिशातून पेन काढले. सही करण्यापूर्वी दोन शब्द बोलावेत, अशी मी तयारी केली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद तिच्याकडे सरकवला आणि मला म्हणाल्या, "सही काकूंची लागते. तुम्ही बसा ना, सर." मी बसलो.

पुढचे महिने मात्र, माय, आमच्या संसारातले फार सुखाचे गेले. दर पंधरवड्याला आम्ही पहाटेची गाडी धरत असू. शेजारणींनी विचारले की ती बिनदिक्कत सांगे, "पाणी भराया चालले." दोन दिवस छाती तडतडे, कूस बदलता येत नसे, तरी परतीच्या वाटेवर जालन्याच्या स्टँडवर गरम भजी खाल्ल्याखेरीज ती गाडीत बसत नसे. मग निवडीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी दोन रोपणे तिच्या तळहातांवर ठेवली: एक मिठाच्या पाण्याचे, एक सिलिकॉनचे. पाण्याचे फुटले तर ते अंगात जिरते आणि छाती बसल्याने लगेच कळते. सिलिकॉनचे अंगाला अधिक मिळतेजुळते, पण फाटले तर कळत नाही, तपासत राहावे लागते. जन्मभराची खात्री दोन्हींची नाही. मी पाण्याच्या बाजूने मुद्देसूद बोललो. तिने दोन्ही मोसंबी पारखावी तशी दाबून पाहिली आणि सिलिकॉनचे उचलले.

आकाराचा प्रश्न निघाला, तेव्हा तिने पिशवीतून मापाचे पोलके काढून टेबलावर ठेवले. शिंप्याकडे जाताना जुने पोलके न्यावे, तसे तिने ते घरून आणले होते. आणि आणले होते कोणते, तर तू तिच्या लग्नात शिवलेले खणाचे. डॉक्टरीणबाईंनी ते उलटून पाहिले, शिवणीत आत सोडलेली जादा कापडाची दोन बोटे माया पाहून म्हणाल्या की आपणही पिशवी गरजेपेक्षा थोडी जास्तच भरली आहे, ती याचसाठी. मग त्यांनी विचारले, "काकू, हे माप कधीचं?"

"लग्नातलं. इसाव्या वर्षाचं."

"पण उजवी बाजू आता चोपन्न वर्षांची आहे."

"मंग एक तरी तरुण ऱ्हाऊ द्या की, बाई."

डॉक्टरीणबाई हसल्या, नर्स हसली, आणि नंतर मीही हसलो. अर्थात माप उजव्या बाजूचेच घेतले गेले. शस्त्रक्रिया झाल्यावर डावी बाजू तरीही किंचित उंच राहिली, आणि तेथे स्पर्श कळत नाही, हेही खरे. तिला विचारले तर म्हणते, जोडीतले बैल तरी कुठे एका उंचीचे असतात?

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी मी धाडले नसते. कारण शेवटची गोष्ट आईला सांगण्याजोगी नाही. "कशाला?" या माझ्या प्रश्नाचे उत्तर तिने मला कधीच दिले नाही. सकाळी ती आरशासमोर उभी राहून पोलक्याचे हूक लावते, तेव्हा मी खाटेवर वर्तमानपत्र उघडून बसलेला असतो. मी अग्रलेख वाचतो, अशी तिची समजूत आहे. त्या वेळी मी एक ओळही वाचत नाही.