मायची शिडी

सोमवार, संध्याकाळ

विद्यापीठाच्या नव्या लॅबमध्ये अ‍ॅनिमेशनचा वर्ग सुरू झाला तेव्हा नियम मीच केला होता: फिल्म आडवीच हवी. लोह्याच्या मुक्तानं मोबाईलवर बोटानं चित्रं काढून फिल्म केली, तीही उभी. म्हणालो, "आडवी कर, नाहीतर नापास होशील."

"सर, गावात सगळे उभीच बघून राहिले. अन् आडव्यात मायची शिडी मावत न्हाई."

रागच आला. हट्टी पोरगी!

घरी येऊन मोबाईल उभा धरला, फिल्म लावली. डोक्यावर सिमेंटचं घमेलं घेऊन तिची माय शिडी चढत होती. एक मजला, दुसरा, तिसरा. शिडी संपली तिथं निळ्या जाळीच्या खिडक्या. अरे, या तर आमच्याच लॅबच्या!

आता आडवी कर म्हणून तिला कोणत्या तोंडानं सांगू?