ज्योतीरामने पाहिलेलं

३ नोव्हेंबर, सोमवार

कुस्तीची एक दंगल, पूर्ण. भुताची मालिका, दोन भाग. त्यानंतर मासे तळण्याचा एक कार्यक्रम, बारा मिनिटं.

म्हणजे ज्योतीराम काल बरा होता.

कामावरून आले, पर्स ठेवली आणि चहा टाकायच्या आधी हे पाहिलं. रोजचंच झालंय. सिनेमे-मालिका बघायच्या आमच्या घरच्या खात्यावर पाच नावं आहेत — मी, माझा नवरा निरंजन, आमची दिव्या, आई आणि माझा धाकटा भाऊ ज्योतीराम. तो इथे पिंपळे सौदागरला आमच्याकडे राहायचा तेव्हा दिव्यानेच त्याचं नाव घालून दिलं, चित्र म्हणून वाघ निवडला. तो गेला, वाघ राहिला. ना त्याने काढला, ना मी. वाघ उघडला की त्याने काय पाहिलं, किती वाजता, कुठे बंद केलं — सगळी यादी समोर येते.

आठ महिने तो माझ्याशी बोललेला नाही. फोन उचलत नाही. भाऊबीजेलाही आला नाही. आणि राहतो कुरुळीत, माझ्या कंपनीपासून दहा मिनिटांवर!

आईने विचारलंच. "जोत्याचा फोन आल्ता का गं?"

"आला होता. बरा आहे. मासे खावेसे वाटतायत म्हणाला."

आई खूश. तिला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे माझं खोटं पकडलं जात नाही.

४ नोव्हेंबर

पुन्हा तीच दंगल. आईला सांगितलं, व्यायाम सुरू केलाय त्याने.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या कंपनीची आठवड्याची सुट्टी. कपडे, दळण, आईच्या गोळ्या. दुपारी लॅपटॉप उघडून बसले तेव्हा निरंजन मागून म्हणाला, "कंपनीत दिवसभर रजिस्टरं तपासतेस ते पुरत नाही? आता भावाचं ऑडिट!"

हसण्यावारी नेलं. पण टोचलं. मी काय करतेय हे मला माहीत आहे. त्याला न विचारता त्याचं वाचतेय. दिव्याची वही मी अशी उघडीन का? नाही. मग हे कसं चालतं? काळजी आहे म्हणून — हे उत्तर मी स्वतःला फार पटकन देते. पटकन आलेल्या उत्तरावर माझा विश्वास नाही.

मागच्या डिसेंबरचं लिहून टाकते, एकदाच. त्याचं पिणं हाताबाहेर गेलं होतं. मी त्याला म्हटलं, "आईला पिंपरीत दवाखान्यात न्यायचंय, धरायला चल." आई पुढच्या सीटवर बसली होती, तिलाही मी खरं सांगितलं नव्हतं. गाडी गेली व्यसनमुक्ती केंद्रात. सही मी केली. उतरताना तो एवढंच म्हणाला — "ताई, सरळ विचारलं असतंस तर आलो असतो."

आला असता का? वर्ष होत आलं, हेच विचारतेय. विचारून पाहिलंच नाही, त्यामुळे आता कळायचा मार्गही नाही. नव्वद दिवसांनी तो बाहेर पडला तो थेट कुरुळीला गेला. ठेकेदाराकडे नोकरी, प्रेसवर — पत्रा दाबून कापायच्या मशीनवर. कुठे आहे हे मला कळलं ते भिमाजीमुळे. भिमाजी कुरुळीचाच, आधी आमच्या कंपनीत सुपरवायझर होता, आता ज्योतीरामच्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजची यादी वाईट आहे.

सकाळी साडेसातला सुरू, चारपर्यंत चालूच. भुताच्या मालिकेचे अकरा भाग, एकामागून एक. कालही तसंच. परवाही.

दिवसा बघतो म्हणजे रात्रपाळीला असणार, हे मी केव्हाच ताडलं होतं. पण रात्रपाळी करून आलेला माणूस आठ तास टीव्ही बघेल? झोपतो कधी? प्यायचा तेव्हा अगदी असंच असायचं — टीव्ही चालू, हा पलंगावर, डोळे उघडे, काय चाललंय ते विचारलं तर सांगता यायचं नाही.

आणि काम प्रेसवरचं. न झोपलेला माणूस, प्यालेला माणूस. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एकाची तीन बोटं गेली. त्याचा रिपोर्ट मीच टाइप केला होता.

आईला म्हटलं, "झोपलाय तो."

९ नोव्हेंबर, रविवार

भिमाजीला फोन केला. करू नये असं वाटत असताना केला.

"भिमाजी, जरा ज्योतीरामकडे लक्ष ठेवा. मला शंका आहे."

"पुन्यांदा सुरू झालं का काय?"

"माहीत नाही. पण तो झोपत नाही, एवढं नक्की."

"तुमाला कसं कळलं?"

"ते सोडा." तो म्हणाला, "काळजी करू नगा ताई, मी हाय ना. कुनाला कळायचं न्हाई."

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भिमाजीचा फोन, जेवणाच्या सुट्टीत.

"ताई, काय बी न्हाई निघालं! शून्य!"

त्याने काय केलं — काल सकाळी साडेसहाला गेटवर ज्योतीरामला रांगेतून बाजूला घेतलं आणि तोंडात नळी धरून फुंकायला लावलं. एकदा. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा. पन्नास-साठ माणसं कार्ड पंच करायला उभी होती.

"भिमाजी, कुणाला कळणार नाही म्हणाला होतात!"

"अवो, नियमानं गेटवरच करावं लागतं. आन् तो लईच मागं लागला, कुनी सांगितलं, कुनी सांगितलं. मी म्हनलं, आरं तुझ्या बहिणीलाच काळजी हाय बाबा."

डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी बसमध्ये एकदम लक्षात आलं. सकाळी साडेसहाला गेटवर, आत जाताना? म्हणजे तो दिवसपाळीला आहे. मग दिवसभर बघतंय कोण?

१२ नोव्हेंबर, बुधवार

यादी रिकामी.

आधी वाटलं नेट गेलं. पुन्हा उघडलं. वाघ आहे, यादी नाही. आठ महिन्यांतलं एकही नाव नाही. दिव्याला बोलावलं.

"मामाने लपवलंय सगळं. एकेक काढता येतं, नाहीतर सगळं एकदम. त्याने एकदम काढलंय."

"परत आणता येतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, त्याने काढलंय ना? मग तुला कशाला परत हवंय?"

"आणि आता तो पुढे काही बघेल ते दिसेल?"

"बघून लगेच लपवलं तर नाही दिसणार. काहीच नाही बघितलं तरी नाही दिसणार. दोन्ही सारखंच दिसतं."

सतरा वर्षांची आहे. किती सरळ बोलली! दोन्ही सारखंच दिसतं.

१४ नोव्हेंबर

रिकामी. आई — "काय म्हनला जोत्या?" मी — "काही नाही म्हणाला." कित्येक महिन्यांत आईशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

१६ नोव्हेंबर, रविवार

रिकामी. तो रागावलाय म्हणून रिकामी, की काही झालंय म्हणून? फोन केला, उचलला नाही. नेहमीसारखाच — पण नेहमी यादी तरी असायची.

आमच्या विभागात नव्या पोरांना मीच शिकवते, कागदावर नाही ते झालंच नाही. इतकी वर्षं शिकवतेय. आता कागद कोरा आहे आणि मी तो रोज उघडून बघतेय.

भिमाजीला विचारू शकते. नाही विचारणार. यावेळी नाही. गुरुवारी स्वतः जाईन. हाकललं तर हाकललं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गेले. मोशीपर्यंत बस, पुढे शेअर रिक्षा. हातात डब्यात बेसनाचे लाडू — आईने दिले. तिला सांगितलं होतं मैत्रिणीकडे जातेय, तरी दिले!

एका शेतकऱ्याने बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांची ओळ. सातवी खोली. दार वाजवलं तर एक अनोळखी माणूस डोळे चोळत आला. मी नाव सांगितलं. तो एकदम सावरला, शर्ट शोधायला लागला.

"ताई? ज्योतीरामच्या ताई? या ना, बसा. मी रोहिदास. गंगाखेडचा. तो ड्युटीवर हाय, चारला येतो."

बरा आहे! तिथेच बसले, दारातल्या उपड्या बादलीवर.

खोलीत गादी एकच. रोहिदासने सांगितलं तसं लिहिते. दोघांनी मिळून खोली घेतली आणि ठेकेदाराला सांगून पाळ्या उलट्या लावून घेतल्या — ज्योतीराम कायम दिवसाला, रोहिदास कायम रात्रीला. एक उठतो, दुसरा त्याच गादीवर झोपतो. भेट होते ती सकाळ-संध्याकाळ दारात. इकडे असंच राहतात बरेच जण. मी अठरा वर्षं या पट्ट्यात नोकरी करते, हे मला माहीत असायला हवं होतं.

भिंतीला छोटा टीव्ही. त्यावर ज्योतीरामने आमचं खातं लावून ठेवलं होतं.

"भुताची मालिका तुम्ही बघता?" मी विचारलं.

तो लाजला. "बघतो म्हंजे काय ताई, लावतो अन् झोपतो. पंधरा दिवस झाले, बाजूला दिवसभर ग्राइंडर चालतो. टीव्हीचा आवाज असला की झोप लागते."

म्हणजे अकरा भाग चालले कारण बंद करायला कुणी जागं नव्हतं! मी एका झोपलेल्या माणसाची यादी वाचून भिमाजीला सांगितलं की माझा भाऊ झोपत नाही.

"आणि मासे? दंगल?"

"दंगल मी. मासे बी मीच. आमच्याकडं नदीचे मिळायचे." मग घाईने, "चुकलं का काही? तुमच्या खात्यावर... तो म्हणला होता, लाव, ताई काही म्हणत नाई."

ताई काही म्हणत नाही. आठ महिने आई रोहिदासच्या तब्येतीवर खूश होती.

"ज्योतीराम काय बघतो?"

"तो नाई बघत काही. येतो, भाजी चिरतो, आंघोळ करतो. टीव्ही लावला तरी नुसता दोन मिनिटं उघडतो, काहीतरी वाचल्यावानी करतो अन् बंद."

पितो का, हे विचारणारच होते. त्यानेच ओळखलं. "ताई, एक थेंब नाई. मी शप्पथ घेतो. पन त्या दिवशी गेटवरून आला अन् जेवला नाई. लाइनवरची पोरं आता त्याला 'फुंकर भाऊ' म्हणतात. 'ए फुंकर, इकडं ये.' तो नुसता हसतो. घरी आल्यावर सगळं काढून टाकलं त्यानं टीव्हीतून. मला म्हणला, इथून पुढं माझ्या नावावर काही लावू नको."

"मग तुम्ही झोपता कसे?"

"कानात कापूस घालतो."

चारपर्यंत थांबले नाही. थांबायला हवं होतं का? त्याच्या दारात, कामावरून दमून आलेला तो, समोर मी — पुन्हा त्याला न विचारता आलेली. लाडू ठेवले आणि निघाले. रोहिदासला म्हटलं, "मी येऊन गेले सांगा. लपवू नका."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

त्याला मेसेज लिहिला. चार वेळा लिहिला, तीनदा खोडला. कारणं आली की खोडत गेले. शेवटी राहिलं ते असं:

"ज्योतीराम, आठ महिने मी तुझी यादी वाचत होते. तुला विचारलं नाही. ती तुझी नव्हतीच हे काल कळलं, पण तुझी असती तरी वाचायला नको होती. भिमाजीला मीच फोन केला. गेटवर जे झालं ते माझ्यामुळे. केंद्रात नेलं तेही खोटं बोलून नेलं. वाघ तुझा आहे, कुलूप लावून घे, दिव्या सांगेल कसं. मी उघडणार नाही. रोहिदासला झोपायला काहीतरी लावू दे."

पाठवला. वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आईला खरं सांगितलं. सगळं — फोन कधीच आले नव्हते, मासे नव्हते, व्यायाम नव्हता. कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने. शेजाऱ्यांनाही कळलं असणार.

आई पालक निवडत होती. निवडतच राहिली.

"मला ठाव हुतं."

"कधीपासून?"

"जोत्या मासे खातो व्हय! लहानपनापास्नं ओकतो वासानं." मग म्हणाली, "तू सांगायचीस तवा तुझं तोंड बरं दिसायचं. म्हनून इचारायचे."

दोन दिवस वाघ उघडलेला नाही. हात जातो. उत्तर अजून नाही. येणार नाही असं धरून चालायचं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी तीन छप्पन्न. ज्योतीरामचा मेसेज, जसाच्या तसा:

"ताई मी काही बघत नव्हतो. पण तुझी यादी रोज बघायचो. पावसाळ्यापासून तू एक पण सिनेमा पुरा केला नाही. वीस मिनिट, पंचवीस मिनिट, बंद. सरळ विचारतो. तुला बरं नाही का?"