दादाचा डावा डोळा

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण डावा डोळाही काढावा लागला. आता तिथे कृत्रिम डोळा बसवायचा आहे, आणि घरचीच कारागीर असताना तो दुसऱ्या कुणाकडून कशाला रंगवून घेऊ? लहानपणी मला समोर बसवून भिंतीवर, भोपळ्यावर, जिथेतिथे डोळे काढायचीस. आई डोक्याला हात लावायची. त्याच हाताने बाहुल्यांच्या कारखान्यात पोट भरलंस आणि आता हॉस्पिटलात माणसांचे डोळे रंगवतेस, याचा मला फार अभिमान आहे.

फक्त मी तिकडे येणार नाही. इथल्या डॉक्टरांनी साचा घेतलाय, तो पाठवतो. ती रिकामी खोबण तू बघावीस हे मला सहन होणार नाही. बाकी ठीक.

तुझा दादा

ता. २० फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र आणि साचा दोन्ही मिळाले. हट्टी तो हट्टीच राहिलास. समोर पेशंट नसताना मी ब्रश हातात घेत नाही. त्याचा उरलेला डोळा बघत बघत बुबुळावर रंग चढवायचा, लाल रेशमाच्या बारीक शिरा बसवायच्या, ही आमची रीत. पण तुझा डोळा मला तोंडपाठ आहे. एका बैठकीत रंगवला. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम आहे हे. जपून घाल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

ठकू

ता. ६ मार्च

चि. ठकूस अ. आ.

डोळा अगदी नीट बसला. पण आरशात बघून मी हबकलोच. उजवा पिवळट, बुबुळाभोवती पांढुरकी कड. आणि डावा कॉलेजातल्या पोराचा. तुझी वहिनी आधी हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. मी काळा चष्मा करून घेईन. तू मनाला लावून घेऊ नकोस.

दादा

ता. १२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

काळा चष्माबिष्मा काही नको. चूक माझी आहे. इतक्या वेळा भेटलो, पण मला दिसायचा तो तरणा दादाच. तू म्हातारा होतोयस हे मी कधी बघितलंच नाही. बघायचं नव्हतं मला.

तू ये, वहिनीलाही आण. खोबणी मी रोज बघते, त्याचं मला काही वाटत नाही. भीती वाटते ती तुझ्या उजव्या डोळ्याची, कारण आता तो जसा आहे तसा मला निरखून बघावा लागणार. मला बघू दे. मधेच रडू आलं तर तिघं मिळून चहा घेऊ, आणि मी परत कामाला बसेन.

वाट बघणारी,
ठकू